उजव्या डोळ्यातली आई

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नागपुरात वडिलांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आत प्लास्टिकचं भिंग बसवलं. शेजारचे म्हातारे तोवर ऑपरेशननंतर बाटलीच्या बुडासारखे चष्मे लावत. डॉक्टरांनी डोळ्यात बसवतात तसलं एक भिंग मला दाखवलं. शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान, दोन बाजूंना केसासारखे वळलेले आकडे. दुकानांच्या पारदर्शक पाट्या करतात त्याच जातीचं प्लास्टिक, ते म्हणाले; डोळ्यात वर्षानुवर्षं तसंच राहतं.

वडील विणकर होते. माग विकला होता, तरी गल्लीतले लोक सुताचा रंग जुळवायला त्यांच्याकडेच येत. लडी घेऊन ते दारातल्या उजेडात बसत.

पट्टी निघाल्यावर त्यांनी आईला दारात बोलावलं. एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा.

"तू निळी दिसून राहिली वं."

"मेली काय मी?" आई हसली. "मंग सकाळचा चहा कोणं केला?"

ते हसले नाहीत. डाव्या डोळ्यात ती पिवळी, धुरकट होती. उजव्यात ओठांसकट निळसर.

सीताबर्डीवर एका मिठाईच्या दुकानात माशा मारायचा दिवा होता. मला मंद निळी कांडी दिसत होती. वडिलांनी उजव्या डोळ्यावर हात धरला.

"एवढा जांभळा जाळ, अन् तुले दिसत नाही?"

मी गिऱ्हाइकांकडे पाहिलं. सगळे शांतपणे खात होते.

डॉक्टरांचं उत्तर सरळ होतं. माणसाचं स्वतःचं भिंग वयानुसार पिवळं पडतं आणि प्रकाशातला निळा-जांभळा भाग अडवतं. हे प्लास्टिक तो आत सोडतं. "डाव्यातही मोतीबिंदू आहे, तोही करून घ्या. मग दोन्हींतला फरक कळणार नाही. नाहीतर त्या डोळ्यानं दिसणं बंद होईल."

वडील टाळत राहिले. आईशी बोलताना उजवा डोळा मिटून घेत. डाव्यात ती हळूहळू कमी होत गेली. आधी कुंकू गेलं, मग नाक-डोळे, मग बोलणारा एक तपकिरी डाग उरला. उजवा उघडला की निळी बाई स्पष्ट दिसायची, अगदी जवळ उभी.

शेवटी आईनंच डॉक्टरांकडे जाऊन डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस ठरवला. त्या सकाळी ती आपणहून दारात येऊन बसली, वडील लडी धरत त्या जागी. त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला.

"झालं का जी पाहून?"

"थांब वं. अजून थोडी दिसून राहिली तू."

बाहेर रिक्षावाल्यानं पुन्हा घंटी वाजवली. आई हलली नाही.