निवळायला ठेवलेलं पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर कर्जतच्या आमच्या हायस्कुलातल्या प्रयोगशाळेच्या शिपाईमामांचे.

घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी तिथे शिकवायला लागलो. समुद्र न पाहिलेल्या मुलांसाठी पनवेलच्या खाडीतून खारं पाणी आणि तीन मासे आणून काचेची टाकी मांडली. उत्साहात मी तिच्यात उल्हास नदीची वाळू न धुताच ओतली. पाणी ताकासारखं झालं, मासे दिसेनात.

आमच्या घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवत. मी धावत तुरटी आणली, तोच शिपाईमामांनी माझं मनगट धरलं. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांना सवय होती. तसं खाकरून म्हणाले, "मास्तर, तुमाला हे पानी प्यायचं हाय काय? तुरटीनं मासं मरतील."

"मग काय करू?"

"काय नाय. गप बसा. तेवढं कालिजात शिकवलं नाय वाटतं."

आणि स्टूल टाकून ते टाकीपुढे बसले. हेडमास्तर पट्टीने पाणी ढवळून बघायला आले, तर त्यांनाही म्हणाले, "लांब ऱ्हावा, सायेब."

दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नासाठी त्यांना खालापूरला चार दिवस जावं लागलं. जाताना माझ्या टेबलावरचा तुरटीचा खडा त्यांनी खिशात टाकला.

तिसऱ्या सकाळी मी त्यांना कार्ड पाठवलं: "सा. न. वि. वि. तिन्ही मासे जिवंत आहेत. पाणी तळापर्यंत स्वच्छ झालं. टाकीला कुणी हात लावला नाही, मीसुद्धा नाही."