झुंबरबाईच्या घरातला गाडा

टाकळवाडीची शाळा गावात नाही, शिवेवर आहे. पुढचं अंगण टाकळवाडीचं आणि मागची पाणंद ओलांडली की करंजमाळ. शाळेच्या बाजूला पत्र्याची खोली. तिथं झुंबरबाई पोरांची खिचडी शिजवायची. ती करंजमाळची लेक आणि टाकळवाडीची सून. नवरा लवकर गेला, तेव्हा गावानं हे पातेलं तिच्या हाती दिलं. त्या पातेल्यानं तिला पोटही दिलं आणि नावही. आमच्याकडं विधवेला लोक कुणाची तरी सून म्हणून ओळखतात. हिला सगळे खिचडीवाली म्हणायचे, आणि ती मान वर करून ओ द्यायची.

पावसाळ्यात लाकडं ओली असायची. चूल धुमसली की ती खोकायची. पोरं वर्गातून ओरडायची, "मावशी खोकली, खिचडी चढली!"

दोन हजार नऊच्या श्रावणात तोच खोकला तिच्या मुळावर आला.

पुण्याकडं डुकराचा ताप आला, माणसं दगावली, अशी बातमी आली. मग नाशकातही रोगी निघाले आणि शाळांना कुलूप लागलं. गुरुजींनी ताप आला तर तपासून घ्यावं, घरी थांबावं, असा वरून हुकूम आला. स्वयंपाकिणीचं त्यात काही नव्हतं. तिची तपासणी गावानंच सुरू केली.

कारणही तसंच झालं. तिची लेक सविता नाशकाच्या एका दवाखान्यात आया होती. ती रविवारी एसटीतून उतरली ती तोंडाला हिरवं फडकं बांधून. सांजेपर्यंत सविताचं फडकं गावात घरोघरी पोचलं.

"लेकीनं तोंड झाकलंय, म्हंजी काहीतरी हाय," अंबूबाई पारावर म्हणाली. अंबूबाई आमच्या गावातली शहाणी म्हातारी. तिच्या शब्दाला वजन होतं, आणि तिची धाकटी सून कामाविना घरी बसून होती.

"आन मायचा खोकला ऐकला का?" दुसरी म्हणाली.

"तो धुराचा हाय," तिसरी म्हणाली.

"शाळा बंद हाय, चूल बंद हाय. मंग धूर कुठला?"

धूर जुना होता, छातीत साठलेला. पण छातीतला धूर कुणाला दिसतो?

गावानं मग जुना उपाय काढला. आषाढ सरला होता तरी मरीआईचा गाडा केला. हातभर लांबीचा लाकडी गाडा, त्यात हिरवा खण, बांगड्या, लिंबू, कडुनिंबाचे डहाळे. गावातली रोगराई त्यात बसते आणि गाव तिला वाजतगाजत शिवेवर सोडून येतं. मग पुढचं गाव तो आपल्या पुढच्या शिवेवर नेतं. सोडून येताना मागं पाहायचं नसतं. आम्ही गाडा शाळेमागच्या दगडापाशी ठेवला आणि माना खाली घालून परतलो. मीही होतो. झुंबरबाई आली नव्हती. कोण आलं नाही हे त्या दिवशी सगळ्यांनी नीट पाहून ठेवलं.

पावसाची झड लागली. दोन दिवसांनी दगडापाशी गाडा नव्हता. करंजमाळवाल्यांनी पुढं नेला, असं म्हणून गाव निवांत झालं.

शाळा उघडायचा दिवस आला. झुंबरबाईनं झाडायला वर्गाचं कुलूप काढलं आणि दारातच थबकली. पोरांना घेऊन आलेल्या बाया तिच्या खांद्यावरून आत डोकावल्या, मीही त्यांच्या मागून.

गाडा कपाटावर होता. खण नीट पसरलेला, लिंबू सुकून गेलेलं.

कुणी किंचाळलं नाही. बायांनी फक्त आपापली पोरं मागं ओढली.

"किल्ली कुणाकडं आसती?" अंबूबाईनं हळूच विचारलं.

"एक माझ्याकडं, एक सरांकडं," झुंबरबाई म्हणाली.

"सर नाशकाचे. त्यांना काय पडलंय? करंजमाळ कुणाचं म्हायेर हाय?"

आता सगळं जुळलं. भावाच्या शिवेवर रोग जाऊ नये म्हणून हिनं मरीआई शाळेत कोंडली! झुंबरबाईचा भाऊ हिरामण करंजमाळला राहतो, हे तर सगळ्यांना ठाऊक होतं. सर त्या दिवशी आलेच नव्हते. त्यांना ताप होता, म्हणून हुकमाप्रमाणे ते घरी थांबले होते.

"म्या नाय आणला," झुंबरबाई म्हणाली. तेवढ्यात तिला खोकला आला. बाया दोन पावलं मागं सरल्या.

"नाय आणला तर आता ने," अंबूबाई म्हणाली. "ठिव करंजमाळच्या शिवेवर. न्हायतर उद्यापासून पातेल्याला हात लावू नको. माझी सून करील."

झुंबरबाईनं अंबूबाईकडं टक लावून पाहिलं. किल्ली चोरून गाडा आत ठेवणं या म्हातारीला काय अवघड होतं, हा विचार तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. मग तिनं कपाटावरून गाडा उतरवला, पदराखाली घेतला आणि चालू लागली. बाया पाणंदीकडं पाहत होत्या. ती वळली गावाकडं.

"आगं कुठं?"

"घरी. आई हाय ना ती? मंग कुणाच्याच शिवेवर कशाला? राहील माझ्याकडं."

गाडा तिनं आपल्या देव्हाऱ्याशेजारी ठेवला. त्या दिवसापासून गावाचे कान तिच्या भिंतीला लागले. पाणी भरायला निघालेली बाई तिच्या दाराशी उगाच रेंगाळायची. ती कण्हते का, अंथरुणावर आहे का, याची चौकशी चालायची. शाळा उघडी होती, पण पोरं येईनात आणि चूल पेटेना. ओझरच्या विमानतळाच्या बाजूनं विमान घरघरत जायचं, ते लांब गेलं की लोक पुन्हा कान द्यायचे.

आणि झुंबरबाईचा खोकला थांबला. धूरच नव्हता, तर खोकला कुठून असणार? पण गावानं त्याचा अर्थ वेगळाच लावला. "आईनं तिला धरलं नाय, जवळ केलं," असं लोक कुजबुजू लागले. आधी तिच्याजवळून जाताना लोक तोंडाला पदर लावायचे, आता हात जोडायचे. तिला दोन्ही सारखंच खुपायचं.

मग सर आले. ताप साधाच निघाला होता. वर्गात शिरताच त्यांनी कपाटाकडं पाहिलं.

"मावशी, इथला छोटा गाडा कुठंय? पोळा तोंडावर आलाय, पोरांनी हौसेनं केला असेल. शाळा बंद होती तेव्हा मागच्या दगडापाशी पावसात भिजत होता, म्हणून मी आत ठेवला."

झुंबरबाई खाली बसली आणि हसली. किती तरी दिवसांनी हसली.

वाटलं, झालं, फिटला संशय. पण अंबूबाई पारावर म्हणाली, "तिला सावरून घ्यायला सर तसं म्हणले आसतील." संशयाला खरं सांगून काय उपयोग? तो खऱ्यातही खोट काढतो.

तरी सरांनी पोरं बोलावली आणि चूल पेटली. लाकडं भिजलेली. खोली धुरानं भरली आणि झुंबरबाईला ठसका लागला. ओसरीवरच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. रांगेतली पोरं सरकू लागली. आता एक पोर घरी गेलं असतं तर सगळी गेली असती, आणि पातेलंही गेलं असतं.

अंबूबाई उठली. आम्हाला वाटलं, नातवाला घेऊन चालली. ती घरी गेली आणि सुक्या बाभळीची मोळी डोक्यावर घेऊन आली. चुलीपाशी टाकली.

झुंबरबाईनं मोळी सोडली. एकेक लाकूड उचलून झटकून पाहिलं.

"लिंबू नाय घातलं त्यात," अंबूबाई म्हणाली.

"पाहिल्याबिगर चुलीत घालत नाय मी."

बाभूळ रसरसून पेटली. धूर निवळला, खोकला थांबला. खिचडी झाली तशी झुंबरबाईनं पोरांआधी चाखायच्या रिवाजाप्रमाणे पहिली पळी स्वतःच्या ताटलीत घेतली आणि दुसरी दुसऱ्या ताटलीत वाढून अंबूबाईपुढं धरली.

"खा."

म्हातारीनं ताटली घेतली. झुंबरबाईचा पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत ती थांबली. मग तिनं तोंडात घास घातला, आणि नातवाला रांगेत पुढं ढकललं.