पाळण्याचा हार

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार गोविंदमामाचे. आम्ही फुलं पिकवणारे माळी. घरात अक्षर कुणाला येत नाही. मामाने तेल्हाऱ्याहून बैलगाडीत बसवून मला अमरावतीच्या शाळेत नेलं, बी. ए. होईपर्यंत शिकवलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं त्याच्याविरुद्ध आहे.

देशमुखांकडे नातवाचं बारसं होतं. माझी थोरली बहीण यमुना शेवंतीचा हार घेऊन पाळण्यावर वाकली. ती मामाच्याच मुलाला दिलेली. दोन लेकरं मेलेलीच जन्मली, तिसरं आठ दिवस जगलं.

"तू नको हात लावू वं पाळण्याले," देशमुखीणबाई म्हणाल्या. "पांढऱ्या पायाची तू. तुह्या भावाले बांधू दे."

बायका हसल्या.

मी बांधला. कॉलेजात शिकणारा मी. गाठ घट्ट बसली का, तेही पाहिलं.

पुढे मी तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नवरा नात्यातला?"

"मामाचा मुलगा," मी म्हणालो.

"आणि मामा-मामी?"

"तेही आते-मामेभावंडं."

त्या म्हणाल्या, "दरवेळी असं होतंच असं नाही. पण एकाच घराण्यातला दोष आईकडूनही आला, बापाकडूनही आला, तर मूल जगणं कठीण. हिचा अपराध नाही."

रस्त्यावर यमुना म्हणाली, "म्हणजे माह्या हातात काहीच नव्हतं?"

बी. ए.चा निकाल लागला. मामा पेढे घेऊन आला आणि आपल्या काशीचं माझ्याशी लग्न ठरवूनच आला. साटंलोटं. बहीण तिकडे, मामेबहीण इकडे.

"शिकला म्हणून मामाची पोरगी कडू लागते काय बे?"

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. मामा हसला. "बापजाद्यापासून हेच होऊन राह्यलं. तू नाही म्हण, यमुना उद्या कायमची माहेरी."

मामाबरोबर आलेली यमुना दारात उभी होती. "माह्यासाठी हो म्हणू नको."

पेढा माझ्या तोंडात तसाच होता.

अमरावतीला आलो आणि पत्र लिहिलं. मामाला वाचता येत नाही. त्याची पत्रं शाळेचे मास्तर ओसरीवर चार माणसांत वाचतात. ते ठाऊक असून लिहिलं.

"ती. मामांस साष्टांग नमस्कार. तुमच्यामुळे मी हे लिहू शकतो. काशीशी मी लग्न करणार नाही. तिच्यात खोट नाही. यमुनेतही नव्हती. सोयरीक आपण सगळ्यांनी ठरवली, बोलणी तिने एकटीने खाल्ली. देशमुखांच्या पाळण्याला हार मी बांधला, तो माझा गुन्हा. यमुनेला पाठवू नका. शनिवारी मीच न्यायला येतो. पत्र वाचताना काशीला समोर बसवा. मास्तरांनी एकही ओळ गाळू नये."