रेशमातला विरळ पट्टा

शेलार गावच्या जाईबाईला मान खाली घालून बोलायची सवय नव्हती. ती लावायचा प्रयत्न ज्यांनी ज्यांनी केला, त्यांची नावं तिला पाठ होती. एकतीस वर्षं तिनं भिवंडीतल्या एका कारखान्यात कापड तपासलं. काचेचं टेबल, खालून ट्यूबलाइट, वरून सरकणारा कापडाचा ताका. खोट दिसली की खडूची फुली. ताका कुणी विणला हे ती बघत नसे. विणकर शिव्या घालायचे, तेव्हा म्हणायची, "मला कशाला घालतोस? लूमला घाल."

कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले आणि जाईबाई राहनाळला मनोजशेटच्या गोदामात झाडू-पोछ्याला लागली. गोदामाचा एक भाग शेटनं थंडगार करून घेतला होता. मुंबईच्या एका म्युझियमनं तिथं चिनी चित्रं आणून ठेवली. गेल्या शंभर वर्षांतली, काही अगदी कालपरवाची. आठ दिवसांवर मुंबईत प्रदर्शन. खोका आला की एक दिवस तसाच ठेवायचा, चित्राला इथली हवा मानवू द्यायची, मग उघडायचा. म्युझियमच्या मॅडम रोज येऊन एकेक चित्र तपासत, कागदावर टिपून ठेवत.

पोछा मारता मारता जाईबाईही बघून घ्यायची. एका चित्रात नुसता भोपळ्याचा वेल. एकात क्रेना आणि अर्धवट इमारती. "हे तं आपलं राहनाळच हाय," ती सोमाला म्हणाली.

सोमा तिच्याच वस्तीतला, पंचावन्नचा. पूर्वी त्याच कारखान्यात विणकर, आता इथं हमाल. "वहिनी, यात पन फुल्या मारशील तू," तो हसला.

मंगळवारी मॅडमनी सातवा खोका उघडला. आत लाकडी चौकटीवर ताणलेलं रेशीम, मागे कागदाचं अस्तर नाही. धुक्यातली नदी, पलीकडे कारखान्यांच्या चिमण्या. आणि पाण्यावरून आडवी गेलेली एक काळपट रेघ. चित्रासोबत चीनहून आलेल्या तपासणीच्या कागदात या रेघेचा उल्लेख नव्हता. म्हणजे ती वाटेत पडली असणार. आणि खोका ट्रकमधून उतरवला होता सोमानं.

तासाभरात मनोजशेट टाइप केलेला कागद घेऊन आला. 'खोका माझ्या हातून आपटला', असं सोमाच्या नावानं त्यात लिहिलेलं.

"सही कर, सोमा. विम्याचं काम हाय, तुला कोन फाशी देतंय?"

"आपटला न्हाय, शेट."

"मग रेघ काय आकाशातून पडली?"

"आन् माझी ड्युटी?"

"ते बघू." शेटच्या 'ते बघू'नंतर कुणी परत गोदामात दिसत नसे. "जाईबाई, तू व्हतीस ना तवा? साक्षीदार म्हनून खाली सही ठोक."

सोमानं पेन उचललं. "जाऊ दे, वहिनी. या वयात कुठं भांडू?"

"ठेव ते खाली," जाईबाई म्हणाली. पोछा बादलीला टेकवून ती सरळ चित्रापाशी गेली. हात पाठीमागे बांधून, नाक रेशमाला लागेल इतकी वाकली.

"मावशी, लांब व्हा," मॅडम म्हणाल्या.

"हात न्हाय लावत. मॅडम, तुमची ती बॅटरी मागच्या अंगानं धरा."

"जाईबाई, तुझं काम झाडूचं हाय," शेट म्हणाला.

"झाडू सा वर्सं मारतेय. कापड एकतीस वर्सं बघितलं. धरा, मॅडम. बॅटरी धरली म्हनून शेट तुम्हाला थोडंच काढनार हाय?"

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी बॅटरी पेटवून चौकटीमागे धरली. उजेड पडला तशी नदी पिवळी झाली. रेघेच्या जागी बोटभर रुंद विरळ पट्टा दिसू लागला, कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत.

"आपटून पडलेली रेघ वाकडीतिकडी जाईल, मधेच थांबेल," जाईबाई म्हणाली. "ही बघा, आडव्या धाग्याला धरून सरळ गेलीय. लूम मधेच थांबला, विनकर च्या प्यायला गेला, परत चालू केला. तवा धागे विरळ बसले. आन् आता शाई बघा. विरळ जागेत शाई जास्त मुरलीय, म्हनून काळी दिसते. शाई आत गेली म्हंजे खोट आधीची, चित्र नंतरचं. सोमानं आपटून शाई आत घातली काय?"

मॅडमनी भिंग काढलं. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या.

"तू तुझ्या मानसाची बाजू घेनारच," शेट पुटपुटला.

"याची? हा काय साधू न्हाय, शेट. याचे कितीक ताके मी फुल्या मारून पाडलेत, इचारा त्याला. दोन वर्सं बोलत नव्हता माझ्याशी."

"तीन," सोमा म्हणाला.

मॅडम ताठ झाल्या. "रेघ विणीतलीच आहे. चित्रकारानं ती ओळखून पाण्याचीच रेघ म्हणून वापरलीय, म्हणून त्यांच्या कागदात नोंद नाही, असंही असेल. चीनला फोटो पाठवून विचारते."

"इचारा. पन आधी तुमच्या कागदावर लिवा," जाईबाई म्हणाली. "खोट कापडात हाय, खोका आपटला न्हाय. आन् खाली लिवा, कुनी दाखवली. जाईबाई अनंता जाधव. तिथं सही ठोकते मी."

मॅडमनी लिहिलं, वाचून दाखवलं. जाईबाईनं अक्षर अन् अक्षर ऐकून घेतलं, मगच सही केली. शेटचा कागद घडी घालून तिनं त्याच्या हातात परत दिला.

शेटचा चेहरा उतरला होता. "उद्यापासून तू येऊ नको, जाईबाई."

"येनार. नऊला दारात उभी ऱ्हाईन. काढायचं असंल तं असाच टाइप करून दे, जाईबाईला कशापायी काढली ते. आन् साक्षीदार म्हनून मॅडमची सही घे."

शेटनं मॅडमकडे बघितलं. त्या बघत होत्या, पेन अजून हातातच होतं. तो बाहेर गेला.

"सोमा, उभा काय ऱ्हायलास?" जाईबाई बादली उचलत म्हणाली. "आठवा खोका आन."