माश्यांचा स्वयंपाक

गॅसवरचा चहा उतू गेला तरी जिचं लक्ष नसायचं, ती धाकटी विद्यापीठात जाऊन माश्यांसाठी पातेलंभर स्वयंपाक करते, हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला. "माझ्या घरात कधी साधा चमचा फिरवला नाहीस गं!"

"तुझ्या घरचे नावं ठेवतात. माझ्या माश्या गपगुमान खातात."

आनुवंशशास्त्रातलं तिचं हे ऑनर्सचं वर्ष. वर्षभर एकच संशोधन आणि शेवटी प्रबंध. पिकल्या केळ्यावर घोंघावतात तसल्या चिमुकल्या माश्या काचेच्या नळ्यांत वाढवायच्या, त्यांना भूल द्यायची आणि तांदूळ निवडावेत तशा कुंचल्यानं वेगळ्या करायच्या. लांब पंखांच्या इकडे, आखूड पंखांच्या तिकडे. आखूड पंखांचा दोष नर-मादी दोघांतही लपून असला, तर त्यांच्या पिल्लांत चारांत एक आखूड पंखांचं निघावं, असा नियम.

धाकटीच्या नळ्यांत सातांत एकच निघत होतं. चारशे बारांत जेमतेम एकसष्ट. मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. "म्हणजे आखूड पंखांच्या बऱ्याच अळी असतानाच मरतात. हा दोष नुसता पंखांवरचा नाही, जिवावरचा आहे. पाच आठवडे राहिलेत, लिहायला बस."

ती बसलीही. पण जुनी वही चाळताना सरावाची पहिली खेप दिसली: एकशे सत्तरांत त्रेचाळीस. चोख चारांत एक! सरावाची मोजणी कोणी धरत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी दाताखाली खडा यावा तसं झालं. माश्या त्याच, नळ्या त्याच, खोली तीच. मग बदललं काय?

बदलला होता आचारी.

तीस वर्षं प्रयोगशाळेत माश्यांचं खाणं शिजवणारे काका, ज्यांना सगळे आचारीकाकाच म्हणत, ते त्या खेपेनंतर निवृत्त झाले होते. तेव्हापासून पातेलं धाकटीच्या हाती. तिनं सरळ त्यांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्टुलावर येऊन बसले. "तू कर. मी नुसता बघतो."

तिनं मक्याचं पीठ, साखर, यीस्ट शिजवलं, पातेलं खाली उतरवलं आणि बुरशी न धरण्याचं औषध ओतायला बाटली उघडली.

"अगं थांब! एवढ्या वाफेत ओततेस? निम्मं औषध छताला पोचेल!"

"भिंतीवरच्या कागदात 'थोडं निवल्यावर' लिहिलंय, काका."

"तुझं थोडं आणि माझं थोडं एक आहे का? पातेल्याला तळवा लाव. पाच मोजेपर्यंत टिकला की घाल." मग त्यांनी तिची एक जुनी नळी उजेडात धरली. "आणि ही पांढरी साय कसली?"

"यीस्ट. वरून भुरभुरवलेलं."

"डोंबलाचं यीस्ट! बुरशी आहे ही."

धाकटीचा चेहरा उतरला. तीन महिने ती बुरशीला यीस्ट समजत आली होती, आणि आखूड पंखांच्या दुबळ्या अळ्या त्या बुरशीत मरत होत्या. सगळं खापर मात्र दोषावर. प्रबंधाचं पहिलंच वाक्य खोटं ठरत होतं.

ती तडक मॅडमकडे गेली. सगळं ऐकून मॅडमनी चष्मा काढला. "पुन्हा मोजायला वेळ पुरेल?"

"अंड्याची माशी व्हायला बारा दिवस लागतात. पुरेल. आणि नाही पुरला तर अर्धा प्रबंध देईन, पण हा देणार नाही."

"कर मग."

एकाच जातीच्या जोड्यांची पिल्लं तिनं दोन खाण्यांवर वाढवली. अर्ध्या नळ्यांत काकांच्या पद्धतीचं खाणं, अर्ध्यांत तिचं जुनं, बुरशीचं. काका पातेल्याला तळवा लावत, त्या क्षणी ती आत थर्मामीटर बुडवी.

"माझ्या हाताला ताप आलाय की काय?"

"प्रबंधात 'काकांचा तळवा' लिहिता येत नाही. आकडा लागतो."

दहा पातेली झाली. चौथ्या आठवड्यात मोजणी संपली: चांगल्या खाण्यावर चारांत एक, बुरशीच्या खाण्यावर सातांत एक. मॅडमनी दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. "म्हणजे हा दोष एकटा मारत नाही. हाल झाले की मारतो." धाकटीनं पहिलं वाक्य खोडून हेच लिहिलं, बुरशीची चूकही झाकली नाही, आणि प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी दिला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक बाराव्या पानावर थांबले. "औषध साठ अंशांना घालायचं, हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही, सर. आमच्या आचारीकाकांच्या तळव्यातलं." तिनं पुढचं पान उघडून दिलं. "दहा वेळा मोजलंय."

"दहाही वेळा साठच?"

"एकदा पंचावन्न. त्या दिवशी काका माझ्याशी भांडत होते, त्यात उशीर झाला."

परीक्षक हसले आणि त्यांनी त्या पानावर बरोबरची खूण केली.