देव्हाऱ्यातलं शिसं

"तोंडातली पन थुक," तो म्हणाला.

मी थुंकले. काय करणार? पन्नास बाया उन्हात रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. पदरातली सुकडी त्यानं आधीच पोत्यात परत ओतून घेतली होती. एक घास तेवढा तोंडात गेला होता, तोही मातीत पडला.

माझा गुन्हा सांगते. साल बाहत्तरचं, दुष्काळाचं. नगरच्या दक्षिणेला आमचं गाव. माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं आणि आम्ही माती वाहत होतो. दुपारी मजुरांना सुकडी मिळायची, गोडसर, कोरड्या पिठासारखी. वाटणारा मुकादम म्हणजे गावच्या तात्यांचा पुतण्या. पंचायतीची निवडणूक जवळ आली तशी त्यानं एक रीत काढली. वाटी पदरात ओतली की विचारायचा, "कुनाचं खाती?" बाईनं म्हणायचं, "तात्यांचं." मग पुढं सरकायचं.

त्या दिवशी मला भूक निघत नव्हती. मी आधी घास टाकला आणि भरल्या तोंडानंच म्हणाले, "कामाचं."

एवढंच. तो म्हणाला, नवऱ्यानं टाकली तरी तोरा बघा. बाया हसल्या. माझ्याबरोबर रोज माती वाहणाऱ्या बाया. त्यांचा राग नाही धरला मी, त्यांच्या पदरात वाटी पडायची होती अजून.

घरी जाताना मनात एकच होतं, आबांना सांगायचं. आबा म्हणजे माझे वडील. मला वाटलं, बाप आहे, लेकीच्या तोंडचा घास काढला म्हटल्यावर त्या पुतण्याची मानगूट धरतील. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तात्यांचं म्हनाया जीभ झडली व्हती का तुझी?"

आई चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही.

आता तात्यांचं सांगायला हवं. आमच्या घरात देवाच्या गोष्टी कमी आणि तात्यांची गोष्ट जास्त. जेवायला बसलं की आबा ती काढायचे. मी जन्मायच्या आधीचा दुष्काळ. थोरला भाऊ अंगावर पिणारा, आईला दूध नाही, घरात तरोट्याचा पाला शिजायचा. तेव्हा तात्यांनी ज्वारीची अख्खी गोणी पाठवली. आबा कौतुकानं सांगायचे, पेवातली ज्वारी कशी कुबट येते, पण तात्यांची तशी नव्हती. स्वच्छ, कोरडी, गोणीच्या तोंडाला शिशाचा शिक्का. आमच्या आजीनं तो शिक्का देव्हाऱ्यात ठेवला, खंडोबाच्या टाकाशेजारी. रोज हळदकुंकू. म्हातारी गेली, शिक्का राहिला. त्या गोणीपायी आमच्या घरची मतं कायम तात्या म्हणतील तिकडं. तात्यांनी जगवलं, मिठाला जागायचं. माझी एकवीस पुरी झाली तेव्हा मीही पहिलं मत तसंच टाकलं आणि घरी येऊन शिशाला हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं. मीच जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला माफी मागायला घेऊन गेले. तात्यांच्या ओसरीच्या पायऱ्यांआधीच त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या. तात्या ओसरीवर तक्क्याला टेकून बसलेले. आबांना साठी जवळ आलेली, तरी तात्यांनी पोरासारखी एकेरी हाक मारली, "बोल सख्या."

आबांनी खाली उभ्या उभ्या परत तीच गोष्ट सांगितली. पाला, गोणी, जगवलं. पोर येडी हाय, पदरात घ्या. तात्या डोळे मिटून ऐकत होते. स्वतःची आरती ऐकावी तसे.

मी इकडंतिकडं बघत होते. ओसरीच्या कडेला सुकडीची पोती रचली होती. सरकारी गोदाम नाही म्हणून ट्रक इथंच उतरायचा. तोंडं कापलेल्या पोत्यांची सुतळी खाली पडली होती आणि तिच्यात अडकलेलं काहीतरी एक कोंबडी टोचत होती. मी वाकून उचललं.

शिसं. चपटं, गोल, मधे दोन भोकं. वरची खूणही तीच. बावीस वर्षं जे मी देव्हाऱ्यात पाहत होते, अगदी तेच.

सरकारी गोणी. तेव्हाही ट्रकच आला असेल, तेव्हाही इथंच उतरला असेल. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं तात्यांनी, आणि आम्ही पिढीभर त्यांना ओवाळत बसलो. आजी बिचारी सरकारी शिक्क्याला हळदकुंकू वाहून मेली.

मी विचारलं, "तात्या, आबांना दिलेली ज्वारी तुमच्या घरची हुती का?"

तात्यांनी माझ्या हातातलं शिसं बघितलं. लाजले नाहीत की चिडले नाहीत.

"कुनाची का आसंना," ते म्हणाले, "देनारा हात तर माझाच हुता."

मी आबांकडं वळले. आता तरी. आता तरी हा माणूस वहाणा पायात घालेल. मी शिसं त्यांच्यापुढं धरलं. आबांनी ते हातातही घेतलं नाही. हळूच म्हणाले, "मला ठावं हाय, पोरी. लई वर्सापासनं."

पुतण्यानं सुकडी थुंकायला लावली तेव्हा मी रडले नव्हते. तिथं मला रडू फुटलं. आबा मला समजावत होते की कुणाचं तरी म्हणावंच लागतं, कुणाचंच नाही म्हटलं तर पुढच्या वख्ताला जायचं कुठं. त्यांचं भय मला कळत होतं. पण मग आजीला का नाही सांगितलं? मला का हात जोडू दिले? रोज भाकरीबरोबर ते खोटं मला त्यांनीच भरवलं, माझ्या बापानं.

तात्यांनी आतून ताट मागवलं. बेलाचं पान, भंडारा. पुतण्यानं ते आबांपुढं धरलं. आबांनी बेलभंडारा उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "खंडोबाची आण. घरातली चारी मतं तुमची."

आबा, आई, भाऊ आणि मी.

"तीन म्हना, आबा," मी म्हणाले. "माझं धरू नगा."

पुतण्या माझ्या अंगावर धावून आला. तात्यांनी हातानंच त्याला थांबवलं आणि एवढंच सांगितलं की हिचं नाव हजेरीतून काढ.

त्या दिवसापासून मी दुसऱ्या गावच्या कामावर जाऊ लागले, जाऊन येऊन तीन कोस. आबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पंचायतीला मी तात्यांच्या माणसाविरुद्ध मत टाकलं. तो आरामात निवडून आला. गाव मला अजून उलट्या काळजाची म्हणतं.

म्हणू दे. आबांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. माझ्या नावानं दुसऱ्यानं उचललेली प्रत्येक शपथ मी मोडणार. उचलणारा बाप असला तरी मोडणार.