आर्विल स्ट्राउडच्या नावावरचे पराभव

“आठ माणसं मागे उभी असतात ती काय हवा खायला?” डोवी म्हणाली आणि मक्याच्या पावाचं ताट तिने क्लीटच्या पुढ्यात न ठेवता त्याच्या हाताला पोचणार नाही असं ठेवलं.

“ऊन डोळ्यांवर होतं,” क्लीट म्हणाला.

“ऊन तुझ्या पाठीमागे होतं. माझ्या डोळ्यांवर होतं. मी समोर बसले होते.”

भांडण चर्चच्या पायऱ्यांवर सुरू झालं होतं आणि आमच्यामागोमाग घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसलं होतं. आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्या कापड मिलची बेसबॉल टीम एक विरुद्ध शून्य अशी हरली होती. अकरा डाव सामना चालला. अकराच्या अकरा डाव चेंडू टाकला तो आर्विल स्ट्राउडने, म्हणजे डोवीच्या नवऱ्याने. चौदा जणांना त्याने बॅट नुसती हवेत फिरवायला लावून परत पाठवलं. अकराव्या डावात एक चेंडू इतका सावकाश घरंगळत क्लीटकडे आला, की आमच्या आईनेही तो वाकून उचलला असता. क्लीटने उचलला, आणि पहिल्या बेसवरच्या माणसाच्या डोक्यावरून थेट गाड्या लावल्या होत्या तिकडे भिरकावला. तेवढ्यात त्यांची धाव निघाली. क्लीट आमचा भाऊ. डोवी थोरली, मग तो, मग मी, नीव्हा.

हरण्याचं आम्हाला नवल नव्हतं. नवं होतं ते वेगळंच. प्रार्थना संपल्यावर टीमचे मॅनेजर जॉबर गॉसेट यांनी आर्विलला बाजूला घेतलं आणि टोपी हातात फिरवत सांगितलं, की मिलच्या साहेबांनी हंगामातल्या सामन्यांची वही मागवून पाहिली. अकरा पराभव आर्विलच्या नावावर, आणि त्याच्या चेंडूंवर बसलेले फटकेही फार. तेव्हा येत्या शनिवारपासून चेंडू टाकेल कॉलेजात खेळलेला एक नवा तरुण. आणि पुढच्या सोमवारपासून आर्विलने कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायला, हजर व्हायचं.

आमच्याकडे चांगल्या खेळाडूंना घडीखात्यात ठेवत. तिथे खिडक्या होत्या, कापड तपासायचं, घड्या घालायच्या आणि सरावासाठी तासभर आधी सुटायचं. कार्डिंग खात्यात खिडक्यांना खिळे मारलेले, आणि कापसाचा फुफाटा इतका की बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. आर्विलच्या वडिलांनी तिथे बावीस वर्षं काढली. शेवटची दोन वर्षं ते खुर्चीत बसून झोपले, कारण आडवं झालं की श्वास येत नसे. आर्विल स्वतः अकराव्या वर्षी त्याच खात्यात लागला आणि सतराव्या वर्षी तिथून बाहेर आला तो केवळ हातातल्या चेंडूमुळे.

तो चेंडूही त्याने तिथेच कमावला होता. लोखंडी नटाभोवती टाकाऊ सूत गुंडाळून त्याने चेंडू केला आणि दुपारच्या सुट्टीत मिलच्या मागच्या भिंतीवर विटांमधली एकच वीट धरून तो मारत बसे. पुढे त्याचा एक चेंडू असा तयार झाला, की कमरेच्या उंचीवर येई आणि बॅटशी पोचता पोचता विहिरीत पडावा तसा खाली जाई. तो बघायला तीन गावांतून माणसं येत. एरवी आर्विल अंगणातल्या कोंबडीशीही वाद घालणार नाही असा माणूस. पण चेंडू हातात घेऊन उभा राहिला, की पाठ ताठ होई, आणि आमची आई दारात आलेल्या फिरत्या विक्रेत्याकडे बघते तसा तो समोरच्याकडे बघे. तो हरला तरी त्याची ती नजर खाली आलेली मी कधी पाहिली नाही.

त्याच्या मागे होती आमची टीम. त्या हंगामात पाच सामन्यांत तिने एकही धाव काढली नव्हती. आर्विलने टाकायचं, आर्विलनेच अडवायचं आणि जमलं तर आर्विलनेच धाव काढायची, अशी कामाची वाटणी होती.

मग वहीत फटके कुठून आले? तर वही लिहीत पर्विस न्हावी. माणूस सज्जन, पण लांबचं दिसायचं कमी. सुटलेला चेंडू हा क्षेत्ररक्षकाची चूक की फलंदाजाचा खरा फटका, हे त्यांनी ठरवून लिहायचं. दिसलं नाही की डाव संपल्यावर ते जाळीतून आर्विलला विचारत. आणि आर्विल म्हणे, “माझ्याकडे लावा. फटकाच होता.” नऊ वर्षं तो हेच म्हणत आला.

याची सुरुवात आमच्याच घरात झाली. डोवीच्या लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात क्लीटने एका सामन्यात तीन चेंडू सोडले. लोकांनी त्याला शेंगांच्या टरफलांनी मारलं. अठरा वर्षांचा क्लीट कोळशाच्या शेडमध्ये जाऊन बसला तो बाहेर येईना. तेव्हा डोवीने नवऱ्याला सांगितलं, तू घे अंगावर, तुझ्याबद्दल कोण काय वाईट मानणार आहे? आईचा तर कायदाच होता, तिच्या टेबलावर रक्ताच्या माणसाला नाव ठेवायचं नाही. आर्विलला स्वतःचं असं कुणी उरलं नव्हतं. आपल्याकडे काहीतरी मागितलं गेलं याचाच त्याला आनंद झाला असावा. एका उन्हाळ्यापुरती गोष्ट होती. पण परत घ्यायची आठवण कुणालाच झाली नाही, क्लीटला तर मुळीच नाही. नदीपलीकडच्या स्लेट क्रीक मिलने आर्विलला तीनदा बोलावलं. माझी माणसं इथे आहेत, असं सांगून त्याने तिन्ही वेळा नाही म्हटलं होतं.

“उद्या सकाळी तू साहेबांकडे जायचंस,” डोवी क्लीटला म्हणाली. “अकरातले सहा पराभव तुझे आहेत. तारखा मी देते.”

“वा! लग्न झाल्या झाल्या त्याला हे शिकवलं कुणी? तूच ना?”

“हो, मीच,” डोवी म्हणाली. “म्हणून तर मी बोलतेय. दुसऱ्या कुणाची चूक असती तर गप्प बसले असते.”

आई म्हणाली, कोंबडी थंड होतेय, जेवा. डोवी तिच्याकडे न बघता म्हणाली, “आई, तू यात पडू नकोस.” आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. आईने काटा ताटात ठेवला.

क्लीटचं म्हणणं असं, की त्याने खरं सांगितलं तर घडीखात्यातून त्यालाच काढतील, आणि ऑक्टोबरात त्याचं आयडाशी लग्न आहे. कार्डिंगमधल्या माणसाशी आयडाचा बाप तिचं लग्न लावून देणार नाही. मग तो आर्विलकडे वळला. आर्विलच्या पुढ्यातलं अन्न तसंच होतं.

“तू सांगतोस का मला, जा म्हणून? तू सांग, मी जातो.”

“मी नाही सांगणार,” आर्विल म्हणाला. “हे माझ्या सांगण्यावरून करायचं नसतं, क्लीट.”

आम्ही सगळे थांबलो. मी क्लीटकडे बघत होते. माझा भाऊ वाईट नाही, आईला पाठीवर घेऊन त्याने पुराच्या पाण्यातून बाहेर काढलेलं मी पाहिलं आहे. जातो म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. त्याने हात लांब केला, रश्शाचं भांडं ओढून घेतलं आणि पावावर रस्सा ओतला.

“मग मीच जाते पर्विसकडे,” डोवी उठत म्हणाली. “सगळी वही खोडायला लावते.”

“बस, डोवी.” आर्विलचा आवाज चढला नव्हता. “वहीत आहे ते मी सांगितलेलं आहे. तेव्हा कुणाला भिऊन सांगितलं नव्हतं, आता भिऊन फिरवणार नाही. ते पराभव माझ्या नावावर राहू देत. मला त्यांचं ओझं होत नाही.”

“म्हणजे कार्डिंगमध्ये जाणार?” आईने विचारलं. “देवाची मर्जी म्हणायचं मग.”

आर्विल उठला. आपलं भरलेलं ताट त्याने उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं, हात धुतले, टॉवेलला पुसले. हा टॉवेल, हे घर, ही विहीर, सगळं मिलचं होतं आणि त्याच्या नावावर मिळालेलं होतं. मिल सोडणाऱ्याला घर आठ दिवसांत रिकामं करावं लागे, हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“कार्डिंग खात्यात मी पाय ठेवणार नाही, मिस झूला,” तो आईला म्हणाला. आमच्या आईला तो पहिल्या दिवसापासून मिस झूलाच म्हणे. “उद्या सकाळी मी स्लेट क्रीकला जाऊन काम धरतो. डोवी माझ्याबरोबर येईल. तुम्हाला आणि नीव्हाला यायचं असेल तर तुमच्यासाठी खोली मागून घेईन. शनिवारपर्यंत हे घर रिकामं होईल. क्लीट, तू खाणावळीत जागा बघ.”

क्लीटचा घास हातातच राहिला. “आणि खेळणार त्यांच्याकडून?”

“ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी त्यांचा सामना इथे आहे,” आर्विल म्हणाला. “चेंडू मी टाकणार आहे.”